फोटो कोणाचा? सेवाभावी छायाचित्रकाराचे हक्क आणि कर्तव्य

आपल्या संस्थांचा कोणताही कार्यक्रम घ्या. रक्तदान शिबिर असो, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असो, वह्यापुस्तकांचे वाटप असो की ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी उभारलेला आरोग्य तपासणीचा मंडप असो. एखादा तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून किंवा हातात मोबाईल घेऊन तेथे दिवसभर उभा असतो. तो मोबदला घेत नाही. त्याने काढलेले फोटो पुढे वार्षिक अहवालात, स्मरणिकेत, देणगीच्या आवाहनपत्रकात छापले जातात आणि व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचतात. परंतु या फोटोंवर हक्क कोणाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो निघतो तेव्हा बहुधा भांडण सुरू झालेले असते. म्हणून सभासद बंधुभगिनींसाठी आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी या विषयाची माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रत्येक फोटोला तीन बाजू असतात. एक फोटो काढणारा, दुसरी तो वापरणारी संस्था आणि तिसरा फोटोत दिसणारा माणूस. या तिघांचाही विचार झाला तरच सेवाभावाने केलेल्या कामाला बाध येत नाही, असे आमचे मत आहे.

फोटो काढणाऱ्याचा हक्क

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारी व्यक्ती हीच त्या फोटोची कर्ती मानली जाते. कॅमेरा कोणाचा होता, याला महत्त्व नाही. कलम १७ प्रमाणे कर्ता हाच पहिला मालक असतो. मात्र याला काही अपवाद आहेत. नोकरीचा भाग म्हणून फोटो काढला असेल, तर मालकी सर्वसाधारणपणे नोकरी देणाऱ्याची होते. कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास तो पैसे देणाऱ्याचा होतो. लग्नासाठी किंवा अधिवेशनासाठी ठरवलेला स्टुडिओवाला या दुसऱ्या प्रकारात येतो.

आपला स्वयंसेवक नोकरही नसतो आणि पैसेही घेत नाही. त्यामुळे त्याने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. त्यासाठी सरकारदरबारी नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला की हक्क निर्माण होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

याशिवाय कलम ५७ ने कर्त्याला आणखी एक संरक्षण दिले आहे. कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी हे आपले काम आहे असे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. म्हणून फोटोखाली नाव छापा, अशी विनंती एखाद्या मुलाने केली तर त्याला मोठेपणाची हौस आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या चळवळीचे कितीतरी जुने फोटो घराघरांतील भिंतींवर आहेत, पण ते टिपणाऱ्यांची नावे त्यांखाली सापडत नाहीत. ही उणीव पुढच्या पिढीच्या बाबतीत राहू नये.

संस्थेला काय मिळते?

फोटो पाठवला म्हणजे हक्कही दिला, असा एक गैरसमज आहे. पेन ड्राइव्ह हाती देणे वेगळे आणि मालकी देणे वेगळे. कलम १९ प्रमाणे कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो.

संस्थेला बहुतेक वेळा मालकीची गरजही नसते. अहवाल, स्मरणिका, पत्रके आणि संस्थेची समाजमाध्यमे यांसाठी वापरण्याची लेखी परवानगी पुरेशी असते. ती घेताना एक गोष्ट स्पष्ट करावी: एखाद्या कंपनीने किंवा राजकीय पक्षाने फोटो मागितला, तर संस्था तो परस्पर देणार का? सेवेसाठी दिलेला फोटो उद्या एखाद्या दुकानाच्या दिनदर्शिकेवर झळकला, तर छायाचित्रकाराला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. स्वयंसेवकाला प्रवासखर्च किंवा मानधन दिले असेल तर तो मोबदला समजायचा की नाही, हेही आधीच लिहून ठेवावे.

फोटोतील माणसाचे काय?

वरील दोघांना निदान कायद्याचा कागद आहे. तिसऱ्या बाजूला मात्र बहुधा कोणी विचारत नाही. याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३६ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिआ लँग यांनी एका स्थलांतरित शेतमजूर मातेचा फोटो काढला. त्या सरकारी खात्यासाठी काम करीत असल्याने तो फोटो सार्वजनिक झाला आणि मंदीच्या काळातील दारिद्र्याचे प्रतीक म्हणून जगभर छापला गेला. त्या मातेचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगाला कळले १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी. आपल्याला या फोटोतून काहीही मिळाले नाही आणि तो काढलाच नसता तर बरे झाले असते, अशी खंत त्यांनी तेव्हा व्यक्त केली. फोटो काढणाऱ्याचा हेतू चांगला होता, त्याने मदतही पोहोचली. पण त्या बाईंना आयुष्यभर गरिबीचा चेहरा होऊन राहावे लागले.

आपल्याकडेही शिष्यवृत्तीचा धनादेश घेणाऱ्या मुलीचा फोटो ‘गरजू विद्यार्थिनी’ अशा ओळीखाली फिरतो. तो तिच्या वर्गात पोहोचला तर तिला काय वाटेल, याचा विचार आपण करतो का? ज्या समाजाने स्वाभिमानासाठी एवढा मोठा लढा दिला, त्या समाजाच्या संस्थेने मदत घेणाऱ्याची मान खाली जाईल असे काही करू नये.

कायदाही आता या बाजूने बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचा फोटो प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अनाथ मुलांच्या बालगृहाला भेट देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. आरोग्य शिबिरातील रुग्णाचा चेहरा आणि त्याचा आजार एकत्र छापणे तर कधीही योग्य नाही.

मिरवणुकीतील गर्दीचा फोटो आणि मदत घेणाऱ्या एका माणसाचा जवळून घेतलेला फोटो यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात संमती घ्यावी. ती त्या माणसाच्या भाषेत, फोटो कोठे छापणार हे सांगून घ्यावी. मूल १८ वर्षांखालील असेल तर पालकांना विचारावे आणि मुलालाही विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘फोटो नको म्हटले तरी मदत मिळेल’ हे वाक्य आधी बोलावे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा होकार, हे वाक्य ऐकल्याशिवाय खरा होकार ठरत नाही.

एका पानाचा करार

यासाठी वकिलाकडे जाण्याची गरज पडतेच असे नाही. कार्यक्रमापूर्वी पुढील मजकुराचा कागद करून दोघांनी सह्या कराव्यात:

१. फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील.
२. संस्थेला अहवाल, स्मरणिका, पत्रके व समाजमाध्यमे यांसाठी अमुक वर्षे विनामूल्य वापराची परवानगी आहे.
३. फोटोसोबत छायाचित्रकाराचे नाव दिले जाईल.
४. तिसऱ्या कोणालाही फोटो देण्यापूर्वी दोघांची लेखी संमती लागेल.
५. ज्यांनी नकार दिला त्यांचे फोटो काढले अथवा वापरले जाणार नाहीत. पुढे कोणी संमती मागे घेतल्यास तो फोटो पुन्हा वापरला जाणार नाही.
६. संमतीपत्रे संस्था जपून ठेवील.

असा कागद करणे म्हणजे आपल्याच माणसावर अविश्वास दाखवणे, असे काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. परंतु आपण देणगीची पावती देतो, सभेचे इतिवृत्त लिहितो, ते अविश्वासापोटी नव्हे. पदाधिकारी बदलतात, कागद राहतो. विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे की, पुढील कार्यक्रमाला कॅमेरा घेऊन याल तेव्हा हा कागदही सोबत आणा. आणि ज्याचा फोटो घ्याल त्याला एक प्रत अवश्य पोहोचती करा. आपल्या फोटोची प्रत मागण्याचे धैर्य अनेकांना होत नाही.