विश्रामदिन (ख्रिस्ती धर्म)

विश्रामदिन म्हणजे आठवड्यातील एक दिवस नित्याचे काम थांबवून तो उपासना, विसावा आणि परोपकार यांसाठी राखून ठेवण्याची ख्रिस्ती धर्मातील प्रथा होय. तिचे मूळ यहुदी धर्मातील शब्बाथात आहे. बहुतेक ख्रिस्ती संप्रदाय हा दिवस रविवारी पाळतात, तर काही शनिवारी. कोणता वार पाळावा व कोणते काम वर्ज्य मानावे याविषयी मतभेद असले, तरी दुसऱ्याच्या हाताखाली राबणाऱ्यालाही विसावा मिळावा, हा विचार या प्रथेत आरंभापासून आढळतो.

बायबलमधील आधार

शब्बाथाची आज्ञा दहा आज्ञांपैकी एक आहे. रोमन कॅथलिक व लुथरन परंपरेत ती तिसरी, तर इतर बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांत चौथी गणली जाते. ती बायबलमध्ये दोन ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे दिलेले आहे. 'निर्गम' या पुस्तकात (अध्याय २०) देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला, हे कारण सांगितले आहे. 'अनुवाद' या पुस्तकात (अध्याय ५) मात्र इस्राएल लोक मिसर देशात दास होते, याची आठवण करून दिली आहे. ही आज्ञा केवळ घरधन्यापुरती नाही. मुलेमुली, दासदासी, गुरेढोरे आणि वस्तीतील परका यांचाही तीत स्पष्ट उल्लेख आहे.

येशूने शब्बाथाच्या दिवशी रोग्यांना बरे केले, त्यावरून वाद झाले. हा दिवस माणसाच्या हितासाठी नेमलेला आहे, अशी त्याची भूमिका मार्ककृत शुभवर्तमानात (अध्याय २) येते.

शनिवारकडून रविवारकडे

येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र जमू लागले. या दिवसाला 'प्रभूचा दिवस' म्हणतात. मात्र रोमन साम्राज्यात तो सुटीचा दिवस नव्हता. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमत असल्याची नोंद आहे. सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ.स. ३२१ मध्ये न्यायालये, शहरी रहिवासी व कारागीर यांच्यासाठी रविवार विसाव्याचा ठरवला, परंतु शेतकामाला त्यातून सूट दिली. अशा रीतीने उपासनेचा दिवस हा विसाव्याचाही दिवस झाला.

विविध संप्रदायांतील आचरण

सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने या आज्ञेच्या हेतूंमध्ये नोकर-चाकरांना श्रमातून मिळणाऱ्या सुटकेचाही समावेश केला. इंग्लंडमधील प्युरिटन पंथीयांनी रविवारचे नियम कडक केले. त्यांचा खेळांना असलेला विरोध पाहून राजा पहिला जेम्स याने १६१८ साली उपासनेनंतरच्या काही खेळांना अनुमती देणारी घोषणा काढली. तथापि अनिवार्य कामे आणि दयेची कामे, उदाहरणार्थ रुग्णसेवा, प्युरिटनांनीही वर्ज्य मानली नाहीत. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल याने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने तीत भाग घेतला नाही. पुढे त्याने ४०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवले.

१८६३ साली संघटित झालेला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट संप्रदाय शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतो. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शनिवार व रविवार या दोन्ही दिवसांना मान आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या नियमानुसार रविवारी मिस्सेला उपस्थित राहणे आणि उपासनेस किंवा विसाव्यास बाधक ठरणारी कामे टाळणे, ही श्रद्धावंतांची कर्तव्ये आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल हे यहुदी लोक शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. त्यावरून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. ब्रिटिश अमलात रविवार सरकारी कचेऱ्यांच्या सुटीचा वार होता, परंतु मुंबईतील गिरणी कामगारांना नियमित साप्ताहिक सुटी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिची मागणी लावून धरली आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ही चळवळ ख्रिस्ती नव्हती. तिचा आधार कामगाराचा हक्क हा होता.

आधुनिक काळातील प्रश्न

दुकाने, वाहतूक व दूरस्थ कामामुळे सर्वांनी एकाच दिवशी विसावा घेणे आज अवघड झाले आहे. रविवारी सेवा देणारे अनेक धर्मगुरू आठवड्यातील दुसरा दिवस विसाव्यासाठी राखतात. घरच्यांनी विश्रामदिन पाळावा आणि त्यासाठी स्वयंपाकीण, वाहनचालक किंवा दुकानातील नोकर यांनी राबावे, ही विसंगती टाळण्यासाठी काही कुटुंबे आदल्या दिवशीच स्वयंपाक व खरेदी उरकतात. घरात काम करणाऱ्यांना त्या दिवशी सुटी देणे हे मूळ आज्ञेतील दासदासींच्या उल्लेखाशी सुसंगत ठरते.