लहान जपानी ट्रक की बागेतले युटिलिटी वाहन? : अमेरिकी बागायतदारांपुढील निवड आणि तिच्यातून मिळणारा धडा

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲडम्स परगणा सफरचंदाच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. उताराची जमीन, वसंतातील पाऊस आणि एकाच मालकाचे, सार्वजनिक रस्त्याने विभागलेले दोन-तीन तुकडे हे तेथील अनेक बागांचे स्वरूप आहे. अशा बागेत मोठ्या ट्रॅक्टरखेरीज एका लहान वाहनाची गरज रोज भासते. कामगंध सापळे तपासणे, ठिबकाच्या नळ्या नेणे, छाटणीचे साहित्य पोहोचवणे, मधमाश्यांच्या पेट्या हलवणे, कडेच्या ओळींवर फवारणी करणे, अशी ही कामे आहेत. गेल्या काही वर्षांत या गरजेला दोन उत्तरे पुढे आली आहेत. पहिले उत्तर जपानहून आलेला जुना छोटा ट्रक, ज्याला तेथे ‘केई ट्रक’ म्हणतात. दुसरे उत्तर खास शेतासाठी बनवलेले, दोन आसनांचे व मागे हौदा असलेले युटिलिटी वाहन, म्हणजेच ‘युटीव्ही’.

ही निवड वरवर पाहता किमतीची वाटते. कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र प्रश्न वेगळा आहे : पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत कोणते वाहन पोहोचते?

केई ट्रक : मूळ आणि मर्यादा

जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, लहान वाहनांचा स्वतंत्र वर्ग ठरवण्यात आला. इंजिनाची कमाल क्षमता टप्प्याटप्प्याने वाढत १९९० मध्ये ६६० सीसी झाली. १९९८ च्या बदलानंतर लांबी ३.४ मीटर व रुंदी १.४८ मीटर ही मर्यादा आली. या चौकटीत सुझुकी कॅरी, दायहात्सू हायजेट, होंडा ॲक्टी, सुबारू सांबार, मित्सुबिशी मिनिकॅब हे ट्रक घडले. भातखाचरांमधील अरुंद रस्ते हेच त्यांचे कार्यक्षेत्र होते. सांबारची एक आवृत्ती तर तेथील कृषी सहकारी संघटनेच्या नावाने विकली जात असे.

या ट्रकची भारक्षमता ३५० किलो आहे. हौदा साधारण १.९ मीटर लांब असून तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात. हौद्याची उंची कमी असल्याने क्रेट किंवा मधपेट्या दोन माणसांना सहज चढवता येतात. पुष्कळ ट्रकांना चारही चाकांना शक्ती देण्याची सोय असते. पेट्रोलचा खर्च अल्प आणि गिअर साधे, हाताने बदलण्याचे.

अमेरिकेत असे नवे ट्रक आणता येत नाहीत, कारण ते तेथील अपघात-सुरक्षा मानकांनुसार बनवलेले नाहीत. उत्पादनाला २५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनाला मात्र या मानकांतून सूट मिळते. त्यामुळे येणारा प्रत्येक ट्रक किमान पाव शतक जुना असतो. त्यावर हलक्या ट्रकांसाठी १९६४ पासून लागू असलेले २५ टक्के आयातशुल्कही बसते. युरोपशी गोठवलेल्या कोंबडीवरून झालेल्या व्यापारी वादातून ते जन्मले, म्हणून त्याला आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. एवढे होऊनही चांगल्या स्थितीतील जुना ट्रक सुमारे ६ ते १२ हजार डॉलरांत मिळतो. नव्या युटीव्हीची किंमत १२ हजारांच्या आसपास सुरू होऊन बंदिस्त केबिनसह २५ हजारांच्या पुढे जाते.

युटीव्ही : शेतासाठी घडलेले, रस्त्यासाठी नव्हे

कावासाकी म्यूल, जॉन डिअर गेटर, पोलारिस रेंजर ही या वर्गातील परिचित नावे. मोठ्या मॉडेलांच्या हौद्याची क्षमता सुमारे ४५० किलो असते. मात्र हौद्याची लांबी केई ट्रकच्या जवळपास निम्मीच भरते. पसरट व कमी हवेचे टायर, जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंची, चारही चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि वाहन उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट ही त्याची बलस्थाने आहेत. बहुतेकांत गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी प्रणाली असते. जड ओझे घेऊन सतत चढ चढल्यास हा पट्टा तापतो आणि झिजतो.

या वर्गाशी भारताचाही संबंध आहे. महिंद्र कंपनीने २०१८ पासून मिशिगन राज्यात जुळणी केलेले ‘रॉक्सर’ नावाचे डिझेल वाहन केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी विकायला आणले. १९४७ पासून भारतात जुळणी होत आलेल्या जीपच्या परंपरेतीलच ते वाहन आहे. जीपशी असलेल्या बाह्य साम्यावरून झालेल्या वादानंतर त्याचा दर्शनी भाग बदलावा लागला.

वाफसा, चाकोरी आणि फवारणीची वेळ

सफरचंदाच्या फळात शिरणाऱ्या कॉडलिंग मॉथ या पतंगाचे उदाहरण घ्यावे. सापळ्यात पतंग सातत्याने येऊ लागल्याची तारीख आधाररेषा मानतात. तेथून ५० अंश फॅरनहाइट पाया धरून सुमारे २५० डिग्री-डे साठले की अंडी उबू लागतात. अळी फळात शिरण्यापूर्वीच तिच्यावर उपाय चालतो; एकदा ती आत गेली की फवारणी निष्फळ ठरते. म्हणून सापळ्यांची नियमित पाहणी आणि वेळेवर फवारणी यांना पर्याय नाही. हा काळ नेमका वसंतातील पावसाचा असतो.

ओल्या जमिनीवर चाकाचा पृष्ठभागावरील दाब ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. केई ट्रकचे टायर अरुंद, १२ इंची आणि अधिक हवेचे असतात; युटीव्हीचे टायर पसरट आणि त्याच्या काही अंशानेच हवेचे. दोन्ही वाहनांचे वजन फारसे भिन्न नसले तरी वाफसा येण्यापूर्वी ट्रक ओळीत घातला तर चाकोरी पडते, मुळांजवळची माती घट्ट होते आणि पाणी साचते. युटीव्ही त्याच जागेवरून कमी खुणा ठेवून जाते. जमीन कोरडी असेल आणि बागेत मुरमाचा किंवा गवताचा पक्का रस्ता असेल, तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

फवारणीच्या टाकीचा हिशेबही आधीच मांडावा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. त्यात टाकी, पंप, नळी व चौकट यांचे वजन मिळवले की ३५० किलोंच्या मर्यादेपर्यंत थोडीच जागा उरते. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी उतारावर एका बाजूला धावते आणि वाहनाचा तोल बिघडतो. हा धोका दोन्ही वाहनांना आहे. सफरचंदाची मोठी लाकडी पेटी भरल्यावर साधारण ३५० ते ४०० किलो भरते. म्हणजे तोडणीच्या मुख्य वाहतुकीसाठी केई ट्रक नव्हेच. सुटे क्रेट, सापळे, अवजारे यांसाठी मात्र तो उत्तम आहे.

कीटकनाशकाचा संपर्क हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. उघड्या युटीव्हीवरून फवारणी करणाऱ्याच्या अंगावर तुषार येतात. केई ट्रकची केबिन बंद असली तरी तिच्यात रासायनिक बाष्प गाळण्याची सोय नसते, त्यामुळे बंद काच म्हणजे संरक्षण असे समजू नये. संरक्षक पोशाख दोन्हीकडे अनिवार्य आहे. औषधाचे डबे चालकाशेजारी ठेवणे दोन्हीकडे अयोग्यच.

रस्ता आणि नोंदणी

बागेचे दोन तुकडे सार्वजनिक रस्त्याने जोडलेले असतील तर पारडे केई ट्रककडे झुकू शकते, कारण युटीव्ही सर्वसाधारणपणे रस्त्यासाठी नोंदवलेले नसते. पण येथेच अनेकांची फसगत झाली. केंद्रीय नियमाने आयात करता येणारा ट्रक राज्याने रस्त्यावर चालू द्यावाच असे बंधन नाही. काही राज्यांनी आधी दिलेली नोंदणी मागे घेतली. टेक्सासने २०२४ मध्ये ती खुली केली. ट्रक विकत घेऊन नंतर नोंदणी कार्यालयात जाणाऱ्याच्या दारात रस्त्यावर न चालणारे वाहन उभे राहते. शिवाय १९९० च्या दशकातील या ट्रकात चालकाचे पाय पुढच्या पत्र्याला लागून असतात आणि एअरबॅग बहुधा नसते. गावातील संथ रस्त्यापुरते ते चालेल; महामार्गासाठी नाही.

वाहनासोबत येणारी कीड

या निवडीचा एक पैलू विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतो. पूर्व आशियातील तपकिरी संगमरवरी ढेकूण, हॅलिओमॉर्फा हॅलिस, १९९० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन परिसरात अमेरिकेत प्रथम आढळला. २०१० मध्ये मध्य-अटलांटिक भागातील सफरचंद बागायतदारांचे एकाच हंगामात सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरांचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. हा ढेकूण हिवाळ्यात कोरड्या फटींत दडून बसतो, आणि वाहनाचे दरवाजे, आसनांखालची जागा व इंजिनाचा कप्पा या त्याच्या आवडीच्या फटी आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडने जपानहून वाहने घेऊन आलेली जहाजे याच ढेकणामुळे बंदरातून परत पाठवली होती. वाहनाच्या तळाला चिकटलेल्या मातीतून सूत्रकृमी व तणांचे बी येऊ शकते, म्हणून अमेरिकेत आयात वाहन परदेशी मातीपासून मुक्त असावे लागते. स्वस्तात मिळालेला ट्रक बागेत नेण्यापूर्वी तळ, चाकांच्या कमानी आणि केबिनच्या फटी तपासणे हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे.

निवडीची रीत

समजा, एका बागायतदाराकडे ४० एकर बाग आहे, दोन तुकड्यांत ५ किलोमीटरचे अंतर आहे आणि एक तुकडा पाणथळ उतारावर आहे. त्याने प्रथम एका आठवड्याची कामे वहीत लिहावीत : किती फेऱ्या रस्त्यावरून, किती ओल्या ओळीत, प्रत्येक फेरीत किती किलो. रस्त्यावरच्या फेऱ्या अधिक, ओझे हलके आणि राज्याची नोंदणी लेखी मिळालेली असेल तर केई ट्रक योग्य. ओल्या उतारावरील पाहणी व फवारणी हेच मुख्य काम असेल तर युटीव्ही योग्य. मग दोन तुकड्यांमधील प्रवासासाठी ट्रेलरची तरतूद आधी करावी. पाव शतक जुन्या ट्रकचे सुटे भाग बहुधा जपानहून मागवावे लागतात. फवारणीच्या ऐन आठवड्यात तो बंद पडला तर पर्यायी वाहन कोणते, याचेही उत्तर त्याच वहीत असावे.

आपल्यासाठी

भारतात तीन वर्षांहून जुने वाहन वापरासाठी आयात करता येत नाही. त्यामुळे पंचवीस वर्षांचा जपानी ट्रक येथे येणार नाही. पण त्याच घराण्यातील वाहन आपल्या परिचयाचे आहे. १९८४ ची मारुती व्हॅन सुझुकी कॅरीवरच आधारलेली होती, आणि २०१६ पासून सुपर कॅरी येथे विकली जाते. २००५ मध्ये आलेला टाटा एस तर ‘छोटा हत्ती’ या नावानेच गावोगावी ओळखला जातो. आपल्याकडील निवड बहुधा असे मालवाहू वाहन आणि लहान ट्रॅक्टर-ट्रॉली यांच्यात असते. वहीची रीत तिलाही तंतोतंत लागू पडते.

कीड वाहनातून फिरते हा धडा तर अधिक जवळचा आहे. द्राक्षावरील पिठ्या ढेकूण क्रेट, मजुरांचे कपडे आणि वाहनांतून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. कापसावरील गुलाबी बोंडअळी वेचलेल्या कापसाबरोबर जिनिंगपर्यंत आणि तेथून आसपासच्या शेतांत पोहोचते. विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्याला वाहनाविषयी सल्ला देताना भारक्षमता व मायलेजच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : वाफशाआधी ते ओळीत जाईल का, आणि दुसऱ्याच्या शेतातून परतल्यावर त्याचा हौदा कोण धुणार?