जीपगाडीचे सुकाणू : ढिलाई व दुरुस्ती

मोटारगाडीचे सुकाणू चक्र थोडे फिरविले तरी पुढील चाके जागची हलत नाहीत व काही अंतर मोकळे गेल्यावरच ती वळू लागतात. या मोकळ्या फिरण्यास सुकाणूची ढिलाई किंवा खेळ म्हणतात. कारागिरांच्या बोलीत त्यास ‘प्ले’ हा शब्द रूढ आहे. थोडा खेळ प्रत्येक जुन्या गाडीत असतोच. तो वाढत गेला म्हणजे गाडी सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे भरकटते आणि चालकास सुकाणू सतत सावरावे लागते. झीज नेमकी कोठे झाली आहे, हे ठरविल्यावाचून केलेली दुरुस्ती बहुधा निरुपयोगी व प्रसंगी धोक्याची ठरते. विलिस कंपनीची जीप हे याचे चांगले उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४१–४५ या काळात तयार झालेल्या विलिस एमबी या लष्करी गाडीपासून नागरी वापराच्या सीजे मालिकेतील जीपगाड्या निघाल्या. भारतात १९४७ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात जीप आयात करून त्यांची जुळणी करण्यास महिंद्र उद्योगसमूहाने मुंबईत आरंभ केला व पुढे सीजे-३बी ही गाडी येथे दीर्घकाळ तयार होत राहिली. मागील बाजूस ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे रंगविलेल्या अशा जीपगाड्या महाराष्ट्रातील रस्त्यांवर अनेक वर्षे परिचयाच्या होत्या. त्यांपैकी काही आज हौशी संग्राहकांकडे आहेत.

या गाडीच्या सुकाणू पेटीत सर्पिल खोबण कापलेला कॅम असतो. सुकाणू चक्राच्या दांड्यासह तो फिरला म्हणजे खोबणीत बसलेल्या दोन शंक्वाकृती खिळ्यांमुळे तरफ हलते. तरफेच्या बाहेरील टोकास पिटमन भुजा असते. ही भुजा ड्रॅग लिंक नावाच्या दांडीने पुढील बाजूस मध्यावर बसविलेली बेल क्रँक ही कोनीय तरफ फिरवते आणि तेथून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात. म्हणजे हाताची हालचाल चाकापर्यंत पोहोचेतो ती अनेक सांध्यांतून जाते, आणि प्रत्येक सांधा आपल्या वाट्याची थोडी ढिलाई तीत मिळवीत असतो.

सुकाणू पेटीचे गुणोत्तर सुमारे १२ ते १४ आहे. पिटमन भुजेच्या ठिकाणी एका अंशाएवढी ढिलाई असली, तर सुकाणू चक्र तेवढ्यासाठी १२ ते १४ अंश मोकळे फिरते. सुमारे ४३ सेंमी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर हे अंतर जवळजवळ ५ सेंमी. भरते. त्यामुळे चालकास दोष पेटीतच असावा असे वाटते. पेटीच्या बाजूच्या झाकणावरील स्क्रू सहज हाती लागतो व तो आवळला की खेळ कमी झाल्यासारखा भासतो. पुष्कळ पेट्या अशा आवळण्यानेच बिघडल्या आहेत.

कॅमची खोबण सर्वत्र सारख्या खोलीची नसते. चाके सरळ असताना खिळे जेथे येतात, तेथे ती मुद्दाम उथळ ठेवलेली असते. सर्वाधिक वापर व झीज त्याच जागी होते. तेथे खेळ काढता यावा आणि तसे करताना इतरत्र यंत्रणा अडकू नये, हा त्यामागील हेतू. म्हणून जुळणी चाके सरळ असतानाच करावी लागते. वळलेल्या स्थितीत स्क्रू आवळला, तर खोल भागात बसलेले खिळे मध्यावर येताना घट्ट अडकतात आणि वळणानंतर सुकाणू आपोआप परतत नाही. वळलेल्या स्थितीत जाणवणारा थोडा खेळ हा दोष मानीत नाहीत.

म्हणून तपासणी चाकांच्या बाजूने सुरू करणे योग्य. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने सुकाणू थोडे थोडे मागेपुढे फिरवावे व दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. एक भाग हलतो व त्याला जोडलेला पुढचा हलत नाही, तेथे ढिलाई आहे. बेल क्रँकचा मध्यवर्ती खुंटा व त्याचे बेअरिंग येथे बहुधा प्रथम दोषी ठरते. चिखल व पाणी उडण्याच्या जागी असल्याने त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही, तर ते लवकर झिजते. त्यानंतर ड्रॅग लिंकचे गोलक, टायरॉडची टोके आणि शेवटी किंगपिनची बेअरिंगे पाहावीत. चाक जॅकवर उचलून वर व खाली धरून हलविल्यास किंगपिनची ढिलाई कळते. चाकाच्या बेअरिंगचा खेळही असाच जाणवतो, म्हणून तो आधी काढून घ्यावा. किंगपिनची बेअरिंगे शंक्वाकृती असून त्यांचा ताण पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, कमी-अधिक करून साधतात. येथे व बेल क्रँकमध्ये ढिलाई राहिली, तर खड्ड्याचा धक्का बसताच पुढील चाके जोराने थरथरू लागतात व वेग पुष्कळ कमी केल्याखेरीज ती थांबत नाहीत.

हे सर्व झाल्यावर पेटीकडे वळावे. ड्रॅग लिंक सोडवून पेटीवरील भार काढतात. प्रथम कॅमचा लांबीच्या दिशेचा खेळ वरच्या झाकणाखालील शिम काढून घालवितात व मगच बाजूचा स्क्रू, मधल्या स्थितीतून जाताना किंचित अवरोध जाणवेल इतपतच, आवळून त्याची नट पक्की करतात. खिळ्यांचे शंकू सपाट झाले असतील, तर तरफ बदलण्यावाचून गत्यंतर नसते. गळती थांबावी म्हणून पेटीत तेलाऐवजी घट्ट ग्रीस भरण्याची पद्धत आढळते, पण ग्रीस बाजूला सारले की परत खोबणीत वाहून येत नाही व कॅम कोरडा राहतो. पिटमन भुजा किंवा टायरॉड वेल्डिंगने सांधणे कटाक्षाने टाळावे. उघडलेल्या प्रत्येक सांध्यात नवी स्प्लिट पिन घालणे आवश्यक असते.

शेवटी चाकांची दिशा जुळवितात. बेल क्रँक मध्यावर ठेवून आधी डावे चाक सरळ करतात व नंतर उजव्या टायरॉडने दोन्ही चाकांच्या पुढील कडांमधील अंतर मागील कडांपेक्षा सुमारे १·२ ते २·४ मिमी. कमी ठेवतात.

सीजे-५ या प्रकारात १९७२ पासून बेल क्रँक वगळून फिरत्या गोळ्यांची सॅजिनॉ पेटी बसविण्यात आली. जुन्या जीपमध्येही ती बसविणारे मालक आहेत. गाडी रोज चालवावयाची असेल, तर या बदलात गैर काही नाही. मात्र चौकटीस नवे आधार जोडावे लागत असल्याने गाडीचे मूळ रूप बदलते, आणि मूळ पेटीची चांगली दुरुस्ती केल्यास त्याची गरज सहसा पडत नाही.