भुलीचं औषध आणि मनाचा आजार

मागच्या बैठकीत बचतीच्या नोंदी झाल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांना विचारूनच हे सांगते, नाव नाही घेत. त्यांच्या जावेला दोन वर्षं डिप्रेशन आहे. गोळ्या बदलल्या, गुण नाही. आता डॉक्टरांनी केटामाइन सुचवलंय. "ते तर भुलीचं औषध ना? तिला झोपवून ठेवणार का?"

भुलीचंच आहे, १९७० पासून वापरात. पण नैराश्यात मात्रा बरीच कमी असते, बाई जागी राहते. जास्त अनुभव आहे तो सलाइनमधून देण्याचा : वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, सावकाश, चाळीस मिनिटांत. सगळं औषध रक्तात जातं आणि त्रास झाला तर सलाइन तिथंच थांबवता येतं. स्नायूत इंजेक्शन दिलं तरी जवळजवळ तेवढंच पोचतं, पण टोचलेलं परत काढता येत नाही. नाकात मारायचा फवारा एस्केटामाइनचा, म्हणजे केटामाइनच्याच एका रूपाचा. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तोही घरी नेऊ देत नाहीत, दवाखान्यात मारून दोन तास बसवतात. तोंडावाटे घेतलं तर बरंचसं यकृतातच मोडतं, जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात उतरतो.

गोळ्यांना आठवडे लागतात, याचा गुण काही तासांत, एखाद्या दिवसात दिसू शकतो. पण तो थोड्या दिवसांत ओसरतो, म्हणून सुरुवातीला बहुधा आठवड्यातून दोनदा जावं लागतं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीचं माणूस, हे आधी मोजा. औषधानंतर अंग तरंगल्यासारखं होतं, मळमळतं, बीपी वाढतो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. बीपी असेल, दिवस गेले असतील, पूर्वी भास झाले असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. याची सवय लागू शकते, फार दिवस जास्त घेतलं तर लघवीच्या पिशवीला इजा होते. म्हणून कुणी घरी आणून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा.

आणखी एक. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, काही आठवडे नेमानं घेऊनही गुण आला नाही, तरच सहसा डॉक्टर हा विचार करतात. बोलता बोलता कळलं, जाऊबाई कांदा लागवडीत गोळ्या बंद ठेवायच्या, गुंगी येते म्हणून. डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं!

जीव नकोसा वाटत असेल तर तारखेची वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस आणि फुकट आहे.

येत्या गुरुवारी दोघी जावा दवाखान्यात जाणार आहेत. गोळ्या कोणत्या महिन्यांत बंद होत्या, ते आम्ही तिघींनी बसून वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं.