हिवाळी भुतांचा जमाखर्च

डिसेंबरच्या अखेरीस लंडनमधील रात्र सुमारे १६ तासांची असते. पूर्वी या दिवसांत शेतीची कामे थंडावत आणि सारे कुटुंब विस्तवाभोवती गोळा होई. भुताखेतांच्या गोष्टींना याहून अनुकूल परिस्थिती कोणती? परंतु एवढ्याने त्यांच्या आकर्षणाचा उलगडा होत नाही.

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही भूतकथा १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि नाताळपूर्वीच तिच्या ६,००० प्रती खपल्या. तीत कंजूष स्क्रूजपुढे प्रथम उभे राहते ते त्याच्या दिवंगत भागीदाराचे, मार्लेचे भूत. त्याच्या अंगावरील साखळी किल्ल्या, पैशाच्या पेट्या आणि हिशेबाच्या वह्या यांची आहे! स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर राबतो. त्याच्या वाट्याला पुरेसा कोळसाही येत नाही. वर्षअखेरीस भूत येते ते हे थकलेले देणे मागण्यासाठी.

भयाची गोडी उबेत बसलेल्यालाच चाखता येते. ज्याच्या घरी विस्तव नाही, त्याला थंडीचेच भय पुरेसे असते. डिकन्सने उबेतल्या वाचकाला त्या थंडीची आठवण करून दिली. मात्र पुस्तकाची किंमत होती ५ शिलिंग, म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ज्याची कैफियत, त्यालाच ती विकत घेणे परवडणारे नव्हते.

कथेतील बॉबला नाताळच्या दुसऱ्याच दिवशी पगारवाढीचे वचन मिळते. व्यवहारात मात्र पगारवाढ भुतांच्या भरवशावर सोडून चालत नाही.