नळी अरुंद, बोल कारागिराला!

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनात डोके घालावे, हे ऐकून आमचे कॉलेजातले सहकारी आधी हसले. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेला ताईकडे गेलो असताना मला ते घालावेच लागले. कारण त्या इंजिनापायी माझा भाचा एका वृद्ध कारागिराला लबाड ठरवायला निघाला होता, आणि त्यासाठी लिहिलेले पत्र तपासायला त्याने माझ्याच हाती दिले होते.

"मामा, तुम्ही जन्मभर पेपर तपासलेत, एवढं एक बघा. अजून जरा झणझणीत व्हायला हवंय."

ताईचे घर डेट्रॉईटच्या एका उपनगरात आहे. डेट्रॉईट म्हणजे मोटारींची पंढरी! तिथल्या हवेत वाढलेल्या या मुलाने नोकरी लागल्यावर १९८७ सालची एक जुनी शेव्हरले कॅमॅरो विकत घेतली. ताईच्या मते ते भंगार, त्याच्या मते रत्न. गाडीला ५.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन. त्याची ताकद वाढावी म्हणून चिरंजिवांनी वर्षभर पैसे साठवले आणि इंजिनाची दोन्ही हेडे काढून एका कारागिराकडे 'पोर्टिंग'साठी दिली. हा कारागीर फ्लिंटचा. जनरल मोटर्स कंपनीचा जन्म १९०८ साली झाला तेच हे गाव. डेट्रॉईटहून मोटारीने तासाभराची वाट.

हेडे परत आली, इंजिनावर चढली. गाडी रोलरवर उभी करून ताकद मोजली, तर वाढ किरकोळ! मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे इंजिनाला पूर्वी धाप लागे, ती तशीच लागत होती. म्हणजे म्हाताऱ्याने पैसे घेतले आणि काम केलेच नाही, असा भाच्याचा निष्कर्ष.

मी म्हणालो, "अरे, पत्र एक दिवस थांबेल. आधी हे पोर्टिंग म्हणजे काय ते मला समजाव. आरोपच कळला नाही, तर त्याची भाषा मी काय सुधारणार?"

भाता आणि त्याची वाट

त्याने समजावले ते असे. इंजिन म्हणजे मुळात हवेचा भाता. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोंच्या आसपास हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणे सोपे, पण तेवढी हवा आत आणणे कठीण. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या होत असताना दट्ट्याला एकदा खाली यायला सेकंदाचा फक्त दीडशेवा भाग मिळतो. त्याच्या आगेमागे झडप थोडी जास्त वेळ उघडी राहते, पण तेवढ्यात सिलिंडर भरला तर भरला!

हवेची वाट मात्र लांब. प्रथम गाळणी, मग अॅक्सिलरेटरने उघडणारा पडदा, मग हवेची एक पेटी. त्या पेटीतून प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे आठ नळ्या निघतात. पेटी आणि नळ्या मिळून जो भाग होतो तो 'इनटेक मॅनिफोल्ड'. नळीपुढे हेडमधला बोगदा म्हणजे 'पोर्ट', आणि त्याच्या तोंडाशी झडप. हेड साच्यात ओतलेले असते, त्यामुळे बोगदा खडबडीत राहतो आणि झडपेपाशी त्याला अवघड वळण असते. कारागीर हातातल्या फिरत्या कानशीने हे वळण सुधारतो, अडणारा धातू काढतो. आरशासारखी चकाकी आणणे हे त्यातले मुख्य काम नव्हे. खरी विद्या त्या वळणाच्या आकारात असते. काम झाल्यावर हेड एका यंत्रावर बसवून, ठराविक ओढ लावली असता मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते मोजतात.

"मग तुझ्या म्हाताऱ्याने मोजली होती का?"

"कागद दिलाय ना! हवा पंचवीस टक्क्यांनी वाढली म्हणे. थाप असणार."

नळ नवा, पाइप जुना

मला एकदम आमची जुनी चाळ आठवली. पाण्याची धार करंगळीएवढी येते म्हणून वडिलांनी मोठा पितळी नळ बसवून घेतला. धार जवळजवळ तेवढीच! वडिलांनी प्लंबरला चार घरे ऐकतील अशा शब्दांत फैलावर घेतले. तो बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, रस्त्यावरनं येणारा पाइपच अर्ध्या इंचाचा आहे." पुढे पाइप बदलला आणि नळ भरभरून वाहू लागला. त्या प्लंबरची माफी मात्र आमच्या घरातून कोणी मागितली नाही. त्या वेळी मी दहा वर्षांचा होतो, तरी ते मला लागले होते.

ही गोष्ट सांगितली तेव्हा भाचा गप्प झाला. मग पेन्सिल घेऊन हिशेब मांडू लागला. हवा दुप्पट न्यायची तर ओढ चौपट लागते, हा नियम. उदाहरण म्हणून समजा, एकट्या हेडमधून २०० घनफूट हवा जाते आणि तेवढ्याच ओढीने एकट्या मॅनिफोल्डमधूनही २००. दोन्ही एकापुढे एक जोडली तर २०० जाईल का? नाही, १४१ च जाईल. आता हेड कोरून २५० केले, म्हणजे पंचवीस टक्के वाढ. तरी जोडीतून जातात फक्त १५६, म्हणजे वाढ अकरा टक्क्यांच्याही आत! मॅनिफोल्ड मुळातच हेडपेक्षा अरुंद असेल तर याहूनही कमी. दोन्ही २५० केली तरच जोडी १७७ वर जाते, आणि पदरात पुरते पंचवीस टक्के पडतात.

"म्हणजे तो कागद खरा असू शकतो," भाचा हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटीला एक मापक जोडून गाडी पुन्हा रोलरवर घातली. पडदा पूर्ण उघडा आणि इंजिन भरधाव असताना पेटीत ओढ जवळपास शून्य. अर्थ असा, की पेटीपर्यंत हवा मुबलक येत होती. गाळणी आणि पडदा निर्दोष. हेडवर तर नुकतेच काम झालेले. मधे उरल्या त्या आठ नळ्या!

लांब नळ्यांचे रहस्य

मग या नळ्या करणारे इंजिनियर अडाणी होते काय? मुळीच नाही. 'ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन' नावाची ही रचना शेव्हरलेने १९८५ साली आणली. झडप उघडली की ओढीची एक लाट नळीतून मागे पेटीकडे धावते आणि तिथून दाबाची लाट होऊन परतते. झडप मिटण्याच्या आत ती परत पोचली, तर जाताजाता आणखी थोडी हवा आत ढकलते. नळी लांब असली की लाटेला वेळ लागतो, म्हणून हा फायदा कमी फेऱ्यांत मिळतो. गावातल्या रस्त्यावर, सिग्नलवरून सुटताना, गाडी जोरात उचलते ती यामुळे. पण फेऱ्या वाढल्या की वेळ चुकते, आणि तीच लांब, अरुंद नळी गळा दाबते.

याचा पुरावा कंपनीच्याच आकड्यांत आहे. १९८५ च्या कॉर्व्हेट गाडीत या इंजिनाची ताकद २३० अश्वशक्ती होती, तीही ४,००० फेऱ्यांना. १९९२ साली कंपनीने लांब नळ्या काढून आखूड वाटेचे मॅनिफोल्ड दिले. त्याबरोबर हेड, कॅमशाफ्ट वगैरेही बदलले, म्हणून सगळे श्रेय मॅनिफोल्डला देता येणार नाही. पण ताकद झाली ५,००० फेऱ्यांना ३०० अश्वशक्ती. गंमत अशी, की इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो दोन्ही वेळा ३३० फूट-पौंडच होता. फक्त पूर्वी ३,२०० फेऱ्यांना मिळे, तो आता ४,००० ला मिळू लागला.

म्हणून मॅनिफोल्ड नेहमीच अपराधी असते असेही नाही. जिथे हेडचा बोगदाच सर्वांत तंग असतो, तिथे जुन्याच मॅनिफोल्डवर पोर्टिंगचे चीज होते. उलट बोगदा वाजवीपेक्षा रुंद केला तर हवेचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांतली उचल जाते. वाटेतली सर्वांत अरुंद जागा कोणती, हे आधी शोधावे आणि मग हत्यार उचलावे, हेच खरे.

फ्लिंटची वारी

शनिवारी आम्ही फ्लिंटला गेलो. भाच्याने एक हेड आणि नळ्यांचा सगळा सांगाडा बरोबर घेतला होता. छोटेसे वर्कशॉप, लोखंडाच्या किसाचा वास आणि चष्मा कपाळावर चढवलेले म्हातारबुवा. त्यांनी काही न बोलता हेड यंत्रावर चढवले. आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला. मग त्याच हेडला मॅनिफोल्ड आणि नळी जोडून पुन्हा मोजले. वाढलेली बहुतेक हवा नाहीशी!

म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "हेडं परत देताना मी नळ्यांचं विचारलं होतं, पोरा. तू म्हणालास, ते नंतर बघू."

भाच्याचा चेहरा लाल झाला. हे त्याने मला सांगितले नव्हते. बहुधा स्वतःलाही सांगितले नव्हते. क्षणभर मला वाटले, आता हा काहीतरी सबब सांगणार. पण तो म्हणाला, "माझं चुकलं. मी तुमच्याविषयी वाईट बोललो, आणि लिहिलंसुद्धा." म्हातारबुवांनी हात पुसला आणि त्याच्यापुढे केला.

पुढचा सल्लाही त्यांनीच दिला. गाडी रोजच्या वापराची, म्हणून आखूड नळ्यांच्या नादी लागू नको. लांबी तीच ठेव, पण मोठ्या व्यासाच्या नळ्या आणि त्यांना जुळणारा खालचा भाग घे. भाच्याने पुन्हा चार महिने पैसे साठवले. मी परत आल्यावर त्याचा फोन आला. नव्या नळ्या बसल्या होत्या, पेट्रोलचे प्रमाण जुळवून घेतले होते, आणि साडेचार हजारांच्या पुढेही इंजिन न धापता ओढत होते. तीच हेडे, त्याच म्हाताऱ्याच्या हातची!

ते झणझणीत पत्र मी फ्लिंटहून परतताना त्याच्याकडे दिले. त्याने ते फाडून खिशात कोंबले. मला मात्र वाटेभर चाळीतला तो प्लंबर आठवत होता. त्याचे नावही आज मला ठाऊक नाही.