टॉलपडल : शपथेपायी गाजलेले गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात, पिडल नदीकाठी टॉलपडल हे छोटे खेडे आहे. चर्च, मोकळ्या जागेतले सायकॅमोरचे जुने झाड आणि थोडीफार घरे, एवढाच पसारा. ब्रिटिश कामगार चळवळीत मात्र त्याला तीर्थक्षेत्राचा मान आहे. दर जुलैत संघटनांचे लोक झेंडे आणि बँड घेऊन इथे जमतात.

१८३०च्या सुमारास शेतमजुरांची मजुरी आठवड्याला ९ शिलिंगांवरून ७ वर आली आणि ती ६ वर आणणार असे मालकांनी बजावले. तेव्हा मेथडिस्ट प्रवचनकार जॉर्ज लव्हलेस यांच्या पुढाकाराने १८३३ मध्ये मजुरांनी संघटना काढली. डिसेंबरातल्या एका रात्री थॉमस स्टँडफील्डच्या घरी नव्या सभासदांचे डोळे बांधून त्यांना गुप्ततेची शपथ देण्यात आली. पट्टी सुटली, तर समोर हाडांच्या सांगाड्याचे मोठे चित्र! हीच नाटकी शपथ पुढे भोवली.

संघटना काढणे १८२४ पासून गुन्हा उरला नव्हता. मग जमीनदार आणि मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन यांनी गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि नौदलातील बंडामुळे १७९७ मध्ये झालेला बेकायदा शपथांचा कायदा शेतमजुरांवर लावण्यात आला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जणांना अटक झाली. खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या ज्यूरीत खुद्द फ्रॅम्प्टन होते आणि तिचे प्रमुख होते मेलबर्न यांचे मेहुणे. निकाल काय लागणार, हे वेगळे सांगायला नको. सहाही जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत हद्दपार केले गेले. त्यांतला जेम्स हॅमेट त्या रात्री तिथे नव्हताच, भावाच्या जागी तो शिक्षेला गेला, असे सांगतात.

एप्रिलमध्ये लंडनला प्रचंड मोर्चा निघाला, लाखो सह्यांचे अर्ज गेले. मार्च १८३६ मध्ये सरकारने माफी दिली. परतल्यावर पाच जण आधी एसेक्सला आणि नंतर कॅनडातील ओंटारियोत जाऊन स्थायिक झाले. गावी राहिला एकटा हॅमेट. १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या अनाथ-निर्धनांच्या आश्रमात तो वारला आणि त्याला टॉलपडलच्या चर्चच्या आवारात पुरले. तिथला शिलालेख शिल्पकार एरिक गिल यांनी शताब्दीला, १९३४ मध्ये घडवला. त्याच वर्षी ट्रेड्स युनियन काँग्रेसने निवृत्त शेतमजुरांसाठी सहा घरांची ओळ बांधली. आता तिथेच या घटनेचे छोटे संग्रहालय आहे.